लांबच्या प्रवासाला सोसणारी सीट: सातारा-सांगलीकरांनो, तुमचा अनुभव सांगा

नमस्कार मंडळी,

गेल्या डिसेंबरात साताऱ्याहून हंपीला निघालो. मोटरसायकल क्लासिक ३५०. कोल्हापूरपर्यंत काही जाणवलं नाही. निपाणी सोडली आणि बूड जड व्हायला लागलं. बेळगाव येईस्तोवर दर दहा मिनिटांनी अंगाचा भार या कुशीवरून त्या कुशीवर टाकत होतो. हुबळीच्या पुढचा रस्ता मला आठवतच नाही, सगळं लक्ष माकडहाडाकडं. हंपीत विरूपाक्षाच्या देवळात दगडी कट्ट्यावर टेकलो आणि खरं सांगतो, तो दगड बरा वाटला.

ही कंपनीची सीट नव्हती. मुद्दाम याच प्रवासासाठी ३,००० रुपये देऊन घेतलेली जाड, मऊ सीट होती. दुकानात अंगठ्यानं दाबून बघितली, गादीसारखी दबली, लगेच घेतली. चूक तिथंच झाली. मऊ फोम पहिल्या अर्ध्या तासात सुख देतो आणि मग चेपून बसतो. त्यानंतर आपली बसायची दोन हाडं जवळजवळ खालच्या पत्र्यावरच टेकतात, वरची जाडी नावापुरती उरते.

पुन्हा सीट करून घ्यायची आहे, म्हणून हा धागा. लिहिताना गाडी कोणती, तुमची उंची-वजन साधारण किती, किती किलोमीटरनंतर आणि नेमकं कुठं दुखायला लागतं, आणि काय केल्यावर फरक पडला, एवढं जरूर सांगा. "मस्त आहे, घ्या" एवढ्यावर कुणाचंच भागत नाही.

कराड, स्प्लेंडर, वजन ८४

माझी औषधांची फिरती आहे. कराड, पाटण, हेळवाक आणि आठवड्यातून एकदा कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. घाटात ब्रेक मारला की पुढं टाकीकडं सरकायचो, मग हातावर जोर द्यायचा आणि मागं यायचं. दिवसाला असं शंभर वेळा. मनगटं दुखायची, मला वाटायचं हँडलचा दोष आहे. दोष सीटच्या उताराचा होता.

आमच्याकडच्या एका कुशनवाल्या चाचांकडं गेलो. त्यांनी आधी मला दुकानाच्या फरशीवर खोक्याच्या पुठ्ठ्यावर बसवलं. पाय थोडे उंच, पाठ ताठ, पाच मिनिटं. उठलो तर पुठ्ठ्यावर दोन खोलगट ठसे. दोन्हींच्या मधोमध अंतर मोजलं, खडूनं सीटवर तेवढंच उतरवलं आणि मग मला गाडीवर बसवून खुणा जुळतात का बघितलं. जुन्या सीटवर माझं एक हाड जवळजवळ कडेवर येत होतं!

मग काम सुरू झालं. स्क्रू ड्रायव्हरनं एकेक स्टेपल पिन उपसली, रेक्झिन सोलून काढलं. मूळ फोम फेकला नाही. खुणांच्या जागी दीड इंच खोल कापून तिथं रिबॉन्डेड फोमचा तुकडा बसवला. हा फोम म्हणजे फोमचे बारीक तुकडे दाबून, चिकटवून केलेली लादी, रंगीबेरंगी दिसते, हाताला कडक लागते. वरून अर्धा इंच मऊ फोमचा थर. सोल्युशन लावून वाळवलं आणि ग्राइंडरला पॉलिश पेपर लावून कडा अशा घासल्या की बोट फिरवलं तर सांधा लागत नाही. पुढच्या भागाला थोडा उंचवटा दिला, उतार गेला. रेक्झिन ताणायच्या आधी उन्हात ठेवलं, म्हणजे मऊ पडतं आणि सुरकुती राहत नाही.

१,४०० रुपये घेतले. पहिला आठवडा वाटलं फसलो, इतकी कडक. आता दीड वर्ष झालं, फोम तसूभर दबलेला नाही.

मिरज, हिमालयन ४११, उंची ५ फूट १ इंच

बायकांसाठी लिहिते, कारण आम्हाला सगळे एकच सल्ला देतात: फोम कापून सीट खाली करा. या गाडीची सीट जमिनीपासून ८०० मिलिमीटर आहे, माझे पाय टेकायचे नाहीत हे खरं. मीही वरून दोन इंच कापून घेतला. पाय टेकले, पण मिरजेहून गणपतीपुळ्याला जाताना आंबा घाटाच्या आधीच अंग बधिर झालं. खाली फोमच उरला नव्हता.

नंतर दुसऱ्या कारागिरानं नीट समजावलं. पाय टेकायला सीटची उंची आडवी येते तेवढीच तिची पुढची रुंदीही येते. मांड्या फाकल्या की पाय आखूड पडतात. त्यानं वरचा फोम पुन्हा भरला आणि पुढच्या बाजूला दोन्हीकडून कडा तासून सीट निमुळती केली. मागं जिथं बसते तिथं पूर्ण रुंदी ठेवली. आता चवडे व्यवस्थित टेकतात आणि तीन तास सलग चालवते. आधीच कुणी हे सांगितलं असतं तर एक फोम आणि एक सहल वाया गेली नसती.

सांगली, इंटरसेप्टर ६५०

हवेचं पॅड वापरतो. एअरहॉकसारखी जी पॅडं येतात, त्यांची कल्पना व्हीलचेअरवरच्या रुग्णांना जखमा होऊ नयेत म्हणून केलेल्या उशांवरून आली आहे. एकमेकांना जोडलेल्या रबरी कप्प्यांत हवा फिरत राहते आणि भार एका जागी थांबत नाही.

बहुतेक लोक त्यात हवा जास्त भरतात. टम्म पॅडवर बसलं की वळणावर चेंडूवर बसल्यासारखं डोलायला होतं. मी पूर्ण भरतो, गाडीवर बसतो आणि झडप उघडून हवा सोडत राहतो. बूड सीटला टेकणार टेकणार असं वाटलं की बंद. मध्ये बोटभर जागा राहिली पाहिजे. उन्हात उभ्या गाडीवर पॅड फुगतं, विट्याला चहाला थांबलं तरी फरक कळतो. घाट चढून महाबळेश्वरला गेलं तरी घट्ट होतं. पुन्हा थोडी सोडायची.

वाई

मी गाडी चालवत नाही, मागं बसते. वरच्या सगळ्यांनी आपापल्या जागेचं लिहिलं, मागच्या सीटचं कुणीच नाही.

आमच्या ह्यांनी मोठ्या हौसेनं सीट करून आणली. पुढचा भाग खोलगट, सुंदर. माझा भाग त्यामुळं उंच झाला आणि पुढं कलला. पसरणीच्या घाटात उतरताना मी सारखी त्यांच्या पाठीवर. त्यांना वाटायचं मी घाबरते. मी घाबरत नव्हते, घसरत होते. शिवाय उंच झाल्यानं वारं थेट तोंडावर आणि फूटरेस्ट लांब पडलेलं. खड्डा आला की आधाराला काही नाही. चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो, मागच्याला तो कण्यात कळतो. सीट करायला जाताना दोघं जा आणि दोघं बसून बघा, एवढीच विनंती.

सातारा, फिजिओथेरपिस्ट

दुखतं कुठं यावरून बरंच कळतं. बसायच्या हाडांवर दुखत असेल तर फोम दबतोय. माकडहाड दुखत असेल तर तुम्ही कंबर गोल करून मागं रेलून बसताय, सीटबरोबर हँडलची उंचीही बघा. पुढच्या भागात, जांघेत बधिरपणा येत असेल तर सीट पुढं कललेली आहे आणि तिथल्या नसेवर दाब येतोय. हे अंगावर काढू नका. एका बाजूनं पायात कळ जात असेल तर आधी मागच्या खिशातलं पाकीट काढा. माझ्याकडं आलेल्या दोघांना तेवढ्यानंच बरं वाटलं.

म्हसवड

आमच्याकडं लई सोपं हाय. जुनं घोंगडं चौपदरी करून सीटवर टाकायचं, खालनं सुतळीनं आवळायचं. लोकर खाली दबत न्हाई आन् मधनं वारं खेळतं, घाम साठत न्हाई. म्या बुलेटवर पंढरपूर, तुळजापूर, गाणगापूर सगळं असंच केलंय. उन्हाळ्यात रेक्झिन तापून चटका बसतो, त्यो बी न्हाई. पावसात मात्र काढून ठिवा, भिजलं की मणाचं हुतं आन् दोन दिस वाळत न्हाई.

महाबळेश्वर

पावसावरून आठवलं. मी एका दुकानातून डिझाइनची शिलाई असलेलं कव्हर घालून घेतलं. दिसायला छान, पण शिलाई नेमकी बसायच्या जागी. जुलैत प्रत्येक टाक्यातून पाणी आत गेलं, फोम स्पंजसारखा भरला. बसलं की पँट ओली, अगदी ऊन पडलेल्या दिवशीसुद्धा. तक्रार केली तर म्हणाले, रेनकव्हर घाला. आमच्याकडं पाऊस चार महिने असतो. शेवटी सगळं उचकटून फोमवर जाड प्लास्टिक ताणून घेतलं, वर साधं बिनशिलाईचं रेक्झिन. शिलाई हवीच असेल तर कडेला घ्या.

इस्लामपूर, पल्सर १५०

मूळ सीटला हात लावू नका. जुन्या बाजारात दुसरी सीट मिळते, तिच्यावर प्रयोग करा. बिघडली तर कंपनीची परत चढवता येते.

सातारा (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. कराडकरांचं वाचून त्याच रात्री पुठ्ठ्यावर बसलो. जुन्या बाजारातून सीट आणली, रिबॉन्डेड फोम बसवून घेतला, वर बिनशिलाईचं रेक्झिन. वाईच्या ताईंचं वाचून बायकोला सोबत नेलं. ती मागं बसली आणि म्हणाली, "पुढं ओढल्यासारखं होतंय." कारागिरानं तिथल्या तिथं मागचा भाग पाऊण इंच उतरवला.

काल दोघं निपाणीपर्यंत जाऊन आलो. कराड आणि कागलला चहा, बाकी कुठं थांबलो नाही. जाताना माकडहाडाची आठवण झाली नाही. येताना उजवीकडच्या हाडाखाली पेठनाक्याच्या पुढं थोडं टोचलं, तिथला सांधा घासायचा राहिलाय बहुतेक. सोमवारी दाखवून आणतो आणि लिहितो.