ओढा, नाला आणि काळी रेघ

माझी भाची सहावीत आहे. भूगोलाच्या वहीत तिनं आमच्या भागाचा नकाशा काढला. पर्वतीची टेकडी तपकिरी, मुठा निळी आणि आंबिल ओढा चक्क काळ्या पेन्सिलीनं. विचारलं तर म्हणाली, "मामा, तो नाला आहे. पाण्याला निळा रंग असतो, नाल्याला नाही."
तेव्हापासून डोक्यात घोळतंय. माझी आई 'ओढा' म्हणते, मी सर्रास 'नाला' म्हणतो. या दोन शब्दांत अर्थाचा फरक आहे, की एक गावाकडचा आणि एक शहरातला, एवढंच? मुलांना कोणता शिकवावा?

—

फरक आहे, आणि तो क्रियापदांत दिसतो. ओढ्याला पाणी येतं, ओढा भरतो, आटतो, माणसं ओढा ओलांडतात, ओढ्याकाठी शेत असतं. नाला तुंबतो, आणि मग तो साफ करतात, झाकतात, सरळ करतात, बांधून काढतात. नळ, नळी, नाली यांच्याच कुळातला हा शब्द, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बंदिस्त असल्याचं चित्र त्यात आधीपासूनच आहे. ओढा म्हटलं की काठ आठवतो, नाला म्हटलं की भिंत.

आंबिल ओढ्याचंच बघा. कात्रजच्या डोंगरातून येणारा हा ओढा पूर्वी जुन्या पुण्याच्या बाजूनं वाहायचा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात पर्वतीच्या पायथ्याशी तळं झालं आणि ओढ्याची वाट पश्चिमेकडे वळवली गेली. एवढी ढवळाढवळ होऊनही नाव 'ओढा'च राहिलं. पुण्यातल्याच नागझरी ओढ्याच्या नशिबी तेही आलं नाही. नावात 'झरी' असताना लोक तिला 'नागझरी नाला' म्हणतात. मला याचं फार वाईट वाटतं.

मी सहकारनगरच्या बाजूला राहतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पाणी चढलं, तेव्हा खालून हाक आली, "ओढ्याला पाणी आलंय, वर या!" एरवी नाला म्हणणाऱ्यांच्याही तोंडी त्या रात्री ओढाच होता. सकाळी आमच्या तळमजल्याच्या भिंतीवर चिखलाची रेघ छातीपर्यंत होती.

—

नाल्याला एवढं बदनाम करू नका हो! मी यवतमाळची. आमच्याकडे ओढा पुस्तकात भेटतो, बोलण्यात नालाच. 'नाल्याकडचं वावर' म्हणजे भावात सरस, कारण विहिरीला पाणी लागतं. उन्हाळ्यात नाल्याच्या रेतीत हातभर झिरा खोदला की थंड, निवळशंख पाणी वर येतं. लहानपणी आम्ही ते वाटीनं भरायचो, घाई केली की गढूळ व्हायचं. कृषी खात्याचे शब्दही बघा, नाला बंडिंग (म्हणजे बांध घालणं), नाला खोलीकरण. तिथे नाला म्हणजे जिवंत प्रवाहच. घाण पाणी जातं ती 'नाली'. तेव्हा शब्द घाणेरडा नाही, शहरानं त्यात जे सोडलं ते घाणेरडं आहे.

—

तळकोकणात दोन्ही नाहीत. डोंगरावरून पावसाळ्यात उड्या मारत येतो तो पऱ्या, पुढे जरा अंग धरतो तो व्हाळ.

—

यवतमाळच्या ताईंचं पटलं. सहकारनगरच्या दादांचा क्रियापदांचा मुद्दाही खरा, पण तो शहरापुरता.

आता भाचीच्या काळ्या रेघेबद्दल. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशांत पाणी निळ्या रंगात असतं, पण पावसाळा सोडून एरवी कोरडे पडणारे प्रवाह काळ्या रेघेनंच दाखवतात. म्हणजे काळी रेघ हीसुद्धा पाण्याचीच वाट. मुलीचा रंग चुकला असं म्हणू नका, कारण मात्र तिला नीट सांगा.

नाव बदललं की सोबतचे शब्द बदलतात, हे मुंबईत आम्ही भोगलंय. विहार आणि पवई तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी कित्येकांना नाला म्हणूनच ठाऊक होती. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि 'मिठी नदी' हे नाव घरोघरी पोचलं. नदी म्हटलं की पाठोपाठ पूररेषा येते. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. नाला म्हटलं की बोलण्यात येते ती पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई, म्हणजे गाळ किती काढला, एवढाच हिशोब. पुराचं पाणी पसरायला जागा किती लागते, हे विचारायचं राहूनच जातं. दहिसर आणि पोयसर या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून येणाऱ्या नद्या, पण पुलावर उभं राहून विचारा, दहातले आठ जण नालाच म्हणतील.

मुलांना सगळे शब्द शिकवावेत. ओघळ, ओहोळ, ओढा, नाला, नदी. आणि गावी गेलं की तिथला शब्द विचारायला सांगावं.

—

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी भाचीला कात्रजच्या बाजूला, ओढा अजून मोकळा वाहतो तिथे घेऊन गेलो. खडकावर बसून तिनं पाय पाण्यात सोडले आणि विचारलं, "हाच आपल्या पुलाखालून जातो?" घरी येऊन वही उघडली. काळी रेघ खोडली नाही. तिच्या दोन्ही बाजूंना निळ्या रंगानं बारीक तुटक रेघा काढल्या आणि सूचीत लिहिलं, "ओढा. पाऊस जास्त झाला तर इथपर्यंत."