एफ-आर १०६ आला म्हणून 'मॅलिंगरिंग' लिहायचं का?

नवी_सायकॉलॉजिस्ट: युद्धभूमीवरून परतलेल्या एका सैनिकाची एमएमपीआय-२-आरएफ (व्यक्तिमत्त्व आणि मानसिक त्रास तपासणारी प्रश्नावली) घेतली. अपंगत्व पेन्शनचा अर्ज आहे. एफ-आर (दुर्मीळ उत्तरं मोजणारी तिच्यातली स्केल) १०६, म्हणजे बराच वर आलाय. वरिष्ठ म्हणतात, "सरळ मॅलिंगरिंग, म्हणजे आजाराचं सोंग, लिहून टाक." पण मुलाखतीत बाहेर कपाटाचं दार आपटलं तर हा माणूस खुर्चीतून अर्धा उठला होता. माझा हात धजत नाही. काय बघू?

जुना_परीक्षक: लिहू नका. निव्वळ एफ-आरवरून कुणाला खोटं ठरवणं हा अन्याय आहे, आणि तो मी फार वेळा होताना पाहिलाय.

आधी व्हीआरआयएन-आर आणि टीआरआयएन-आर बघा, म्हणजे उत्तरं विसंगत किंवा सरसकट एकसारखी दिलीत का ते पकडणाऱ्या स्केल. ३३८ विधानं असतात. झोप उडालेला माणूस निम्म्यावर आला की न वाचताच खुणा करत सुटतो. यातला एकही ८० किंवा वर असेल तर बाकीचे आकडे वाचूच नका. ते ठीक असतील तर एफपी-आर ही स्केल बघा. एफ-आर सर्वसामान्य लोकांत दुर्मीळ असलेली उत्तरं मोजतो, म्हणून खऱ्या पीटीएसडीतही (आघातानंतर जडणारा मानसिक आजार) तो चढतो. एफपी-आरमधली उत्तरं मानसिक आजाराच्या रुग्णांतही क्वचित सापडतात. तो १०० च्या पुढे गेला तर मात्र अतिशयोक्तीची दाट शंका घ्यायची.

नवी_सायकॉलॉजिस्ट: व्हीआरआयएन-आर ५३, टीआरआयएन-आरही साठच्या आत. एफपी-आर ५९. सर, स्मरणशक्तीचीही तक्रार आहे.

जुना_परीक्षक: मग हा माणूस खरोखर त्रासात असण्याची शक्यता मोठी आहे. स्मरणशक्तीसाठी वेगळी चाचणी लागेल, नुसती प्रश्नावली तिथे पुरत नाही. टॉम (स्मरणशक्तीची तक्रार खरी की बनाव ते तपासणारी चाचणी) घ्या. ५० चित्रं दाखवायची, मग प्रत्येक वेळी दोनांतलं आधी पाहिलेलं ओळखायला सांगायचं. डोळे मिटून बोट ठेवलं तरी २५ च्या आसपास बरोबर येतात. त्याहून फारच कमी आले, तर बरोबर उत्तर ठाऊक असूनही टाळलंय असं म्हणायला आधार मिळतो.

निवृत्त_हवालदार: मी यातला तज्ज्ञ नाही, पण सैन्यात उलटंच जास्त चालतं. आमच्या तुकडीत फॉर्म आला की सगळे 'झोप उत्तम' लिहायचे. नाव-नंबर असलेला कागद फाइलला लागतो, पुढे बढती अडते, हातातलं शस्त्र काढून घेतात.

जुना_परीक्षक: हवालदारसाहेब, अगदी खरं. अमेरिकी सैन्यातल्या एका पाहणीत (२०११) त्याच सैनिकांनी निनावी फॉर्मवर नैराश्य, पीटीएसडी, आत्महत्येचे विचार दोन ते चार पटींनी जास्त नोंदवले होते. म्हणून एल-आर आणि के-आरही (त्रास लपवून स्वतःला चांगलं दाखवणं पकडणाऱ्या स्केल) तितक्याच काळजीने वाचायचे, विशेषतः निवड चाचणीत किंवा तैनातीआधी.

आणि ताई, वरिष्ठांना एवढं सांगा: आकडे फार तर उत्तरं ग्राह्य की अग्राह्य ते सांगतात. 'मॅलिंगरिंग' म्हणजे फायद्यासाठी मुद्दाम केलेलं सोंग, आणि हेतू कुठलीच स्केल मोजत नाही. सेवेतली वैद्यकीय कागदपत्रं मागवा, घरच्यांशी बोला.

नवी_सायकॉलॉजिस्ट: कागदपत्रं आजच मागवते. टॉम झाल्याशिवाय अहवालावर सही करणार नाही.