मदत हवी आहे: आमच्याकडून पाणी उतरलं, खालच्यांचं छत पडलं, पैसे कोणी द्यायचे?

लेकीची_आई
नमस्कार. लवकर सांगा, संध्याकाळी ७ ला मीटिंग लावलीय. लातूरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्याकडून पाणी उतरून खालच्यांच्या हॉलचं पीओपी पडलं. टीव्ही गेला, इन्व्हर्टर गेला. १ लाख ४५ हजार मागायलेत. एवढे कुठून आणू? असल्या गोष्टींचा विमा असतो म्हणे, तो मिळतो का? नियम काय आहे? लेकीची उद्या टेस्ट आहे आणि घरात सकाळपासून हाच विषय.

मांजराकाठ
ताई, फ्लॅट स्वतःचा का भाड्याचा? पाणी कशाचं, नळाचं, टाकीचं का ड्रेनेजचं? आणि विमा कोणाचा विचारताय? तुमचा, मालकाचा, खालच्यांचा का बिल्डिंगचा? यातलं काहीच लिहिलं नाही तुम्ही.

उदगीरकर
एक रुपया देऊ नका. मी एकदा भिडेखातर ८ हजार दिले होते, तर पुढच्या महिन्यात तोच माणूस सोफ्याचे मागायला आला. एकदा दिलं की कबूल केल्यासारखं होतं.

लेकीची_आई
भाड्याचाच की! लेकीच्या नीट परीक्षेच्या तयारीसाठी गंगाखेडहून आलोय, दोन वर्षांसाठी कोण फ्लॅट विकत घेतंय? मालक पुण्याला असतात. ते म्हणायलेत, "राहताय तुम्ही, पाणी तुमचं, तुमचं तुम्ही बघा." वर डिपॉझिटचे ३० हजार अडकवून ठेवीन म्हणायलेत.

विमा_भाऊ
ताई, म्हणूनच मी प्रत्येकाला सांगतो, होम इन्शुरन्स काढा. १ एप्रिल २०२१ पासून भारत गृह रक्षा ही पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडं एकसारखी मिळते. आग, वीज, पूर, भूकंप, शिवाय टाकी किंवा पाईप फुटणं, ओसंडून वाहणं, सगळं कव्हर. भाडेकरूला नुसत्या सामानाचाही काढता येतो. मेसेज करा, आजच काढून देतो.

मांजराकाठ
भाऊ, तहान लागल्यावर विहीर खोदायला सांगायलात तुम्ही. आज काढलेल्या पॉलिसीत आधीच झालेलं नुकसान बसतं का? आणि ताईंनी स्वतःच्या सामानाची पॉलिसी आधी काढलेली असती तरी खालच्यांचा टीव्ही त्यात कसा बसला असता? दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी मूळ पॉलिसीत नसते, तिचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. हे तुम्ही कधीच सांगत नाही.

विमा_भाऊ
मी पुढच्यासाठी म्हणत होतो. पब्लिक लायबिलिटीचं कव्हर जोडून मिळतं, तेही सांगणारच होतो.

निवृत्त_मास्तर
लातूरसारख्या गावात पाणी वाहून जातं हे वाचूनच जीव तुटला. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यालोय आम्ही. घागरीला नंबर लावलेत. आताच्या पिढीला नळ बंद करायचं सुचत नाही. विम्याचं म्हणाल तर ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आमच्या भागात घराचा विमा हा शब्द कोणाला माहीत नव्हता. आता माहीत आहे तरी कोणी काढत नाही. भूकंपाचा तर वेगळा काढावा लागतो.

मांजराकाठ
मास्तर, भारत गृह रक्षामध्ये भूकंप आहेच, वेगळा लागत नाही.

निवृत्त_मास्तर
आमच्या वेळी लागायचा.

कायद्याचं_बोला
ताई, चार गोष्टी सांगा. १) करार नोंदणीकृत आहे का? २) बिल्डिंगची सहकारी सोसायटी आहे का १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र केलेलं अपार्टमेंट? ३) ताबा कोणत्या साली दिलाय? ४) पाणी नेमकं कुठून आलं? चौथ्यावर सगळं अडलंय.

लेकीची_आई
करार बाँडवर नोटरी केलाय. सोसायटी का अपार्टमेंट माहीत नाही, एक सर मेंटेनन्स गोळा करतात. बिल्डिंग नऊ-दहा वर्षांची असेल. आम्ही महालक्ष्म्यांसाठी गावाकडं गेलो होतो, घराला कुलूप. शनिवारी वॉचमननं मोटर लावली. बाथरूमवरच्या माळ्यावर ५०० लिटरची टाकी आहे, ती भरून वाहिली. गच्चीवरची अख्खी टाकी आमच्यातून रिकामी झाली. बाकीच्यांना टँकर मागवावा लागला, म्हणून सगळी बिल्डिंगच आमच्यावर चिडलीय. खरं सांगते, त्या खालच्या काकांच्या छतापेक्षा पाण्याचाच राग जास्त आहे.

वास्तू_अभ्यासक
टाकी आग्नेयेला आहे का? आग्नेयेला पाणी म्हणजे आगीत पाणी. आर्थिक नुकसान आणि शेजाऱ्यांशी कलह होणारच. टाकी ईशान्येला हलवा.

उदगीरकर
भाड्याच्या घरातली टाकी ईशान्येला हलवायची का? ती काय कुंडी आहे?

अंबाजोगाईची_लेक
माफ करा ताई, पण दोन दिवस गावाला जाताना कॉक बंद करायला नको का? आम्ही एका रात्रीसाठी गेलो तरी करतो. यात तुमचीही चूक आहे.

लेकीची_आई
कुठला कॉक? तो बाहेर पाईपांच्या डक्टमध्ये आहे. बाथरूमच्या खिडकीची काच काढल्याशिवाय हात पोचत नाही. कोणी दाखवलाच नव्हता, परवा प्लंबरनं दाखवला.

नळवाला_२०वर्षं
मी हेच काम करतो म्हणून विचारतो. टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता बॉल अडकला की टाकी भरून वाहते, मान्य. पण वरच्या अंगाला ओव्हरफ्लोचा पाईप असतो, पाणी त्यातून डक्टमध्ये पडायला पाहिजे. घरात कसं आलं? पाईप नव्हता का?

लेकीची_आई
पाईप आहे. त्याच्या तोंडात जुन्या गंजीफ्रॉकचा बोळा कोंबलेला होता, प्लंबरनं ओढून काढला. काळा-हिरवा झाला होता, दगडासारखा घट्ट. आम्ही जूनमध्ये आलोय, माळ्यावर कधी चढलोसुद्धा नाही. ते महत्त्वाचं आहे का?

मांजराकाठ
ताई!!!

कायद्याचं_बोला
सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे आणि तुम्ही ते आता सांगायलात. नळ उघडा ठेवून गेला असता तर हलगर्जी तुमची. टाकीचा ओव्हरफ्लो आधीपासून बुजलेला आणि बॉल खराब, तर ती घराची दुरुस्ती, मालकाकडं बोट जातं. बॉलची तक्रार कधी केली होती का?

लेकीची_आई
केली होती की. जुलैमध्ये मालकांना व्हॉट्सअॅप केला होता, "टाकीचा बॉल अडकायलाय, हातानं हलवावा लागतो, प्लंबर पाठवा." त्यांनी अंगठा पाठवला. प्लंबर काही आला नाही.

उदगीरकर
अंगठा म्हणजे मिळाल्याची पावती! मी पहिल्यापासून सांगतोय, एक रुपया देऊ नका.

अंबाजोगाईची_लेक
बॉल अडकतो हे माहीत होतं तरी कुलूप लावून दोन दिवस गेल्या, हेही मालक म्हणणारच. निदान वॉचमनला सांगायचं. मी भांडत नाहीये, मीटिंगमध्ये हे विचारतील म्हणून सांगतेय.

कायद्याचं_बोला
बरोबर आहे, म्हणून "आमचा काहीच संबंध नाही" अशी भाषा नको. मीटिंगमध्ये "मी जबाबदार, मी भरून देईन" असं लिहिलेल्या कोणत्याही कागदावर सही करू नका. बोळ्याचे फोटो, प्लंबरच्या हातची दोन ओळींची चिठ्ठी आणि जुलैचा मेसेज दाखवा. कराराचं म्हणाल तर भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत करून घेणं मालकाचं काम आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगतो ते ग्राह्य धरतात, मालकाला उलट सिद्ध करावं लागतं. नोंदणी न करणाऱ्या मालकाला ५ हजारांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. धमकी म्हणून नाही, पण डिपॉझिटवर फार बोलायला लागले तर आठवण करून द्या.

परभणी_ते_पुणे
भाडेकरूंचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. माझा नांदेडचा फ्लॅट भाड्यानं दिलाय, तर सोसायटी महिन्याला मेंटेनन्सएवढीच रक्कम आणखी मागते. हे चालतं का?

कायद्याचं_बोला
नाही. सहकारी सोसायटीला फ्लॅट भाड्यानं दिल्याबद्दलचं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश आहे. वेगळा धागा काढा.

परभणी_ते_पुणे
१० टक्क्यांत मनपाचा कर धरायचा का?

मांजराकाठ
नाही, कर सोडून. आणि दादा, वेगळा धागा.

लेकीची_आई, मूळ प्रश्नाचं एकच विचारतो. खालच्या काकांचा फ्लॅट कर्जावर आहे का? बँका कर्ज देताना घराचा विमा गळ्यात मारतात. विम्याचा हप्ता कर्जातच धरलेला असतो, लोकांना पॉलिसी आहे हेच माहीत नसतं. टाकी ओसंडून झालेलं नुकसान त्यात बसायला पाहिजे. भिंतीला हळूहळू ओल येते ते बसत नाही, पण हे एका दिवसात झालंय. भारत गृह रक्षा असेल आणि नुसत्या बांधकामाची घेतलेली असेल तरी सामान येतं, बांधकामाच्या रकमेच्या २० टक्के, १० लाखांपर्यंत. म्हणजे ९०० फुटांचं बांधकाम २,००० रुपये फुटानं १८ लाखांचं धरलं असेल तर ३ लाख ६० हजारांचं सामान. टीव्ही-इन्व्हर्टर त्यात आरामात बसतो.

विमा_भाऊ
हे मात्र मांजराकाठ यांनी बरोबर सांगितलं. कंपनीला लगेच कळवा म्हणावं. नुकसान तपासणारा सर्व्हेअर येईपर्यंत तुटकं पीओपी, टीव्ही काहीही भंगारात देऊ नका.

निवृत्त_मास्तर
बिल्डिंगचा विमा असतो ना? सोसायटीनं काढायचाच असतो.

कायद्याचं_बोला
आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, सोसायटीनं इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा काढायचा असतो. अपार्टमेंट असेल तर १९७० च्या अपार्टमेंट कायद्यात तो घोषणापत्र, उपविधी किंवा बहुमतावर आहे. दोन्हीकडं तो इमारतीचा, कोणाच्या घरातल्या टीव्हीचा नाही.

आणि एक गोष्ट कोणी बोललं नाही. काकांच्या कंपनीनं पैसे दिले म्हणजे विषय संपला असं नाही. ज्याच्या चुकीमुळं नुकसान झालं त्याच्याकडून वसूल करायला कंपनी काकांच्या जागी उभी राहू शकते. म्हणून तो बोळा आणि तो मेसेज नंतरही लागणार. काकांनीही कंपनीला न विचारता मालकाला "माझं काही येणं नाही" असं लिहून देऊ नये, नाहीतर त्यांचाच दावा अडकेल. आणि कंपनीनं जे भरून दिलं तेच पैसे काकांना परत तुमच्याकडून घेता येत नाहीत.

वास्तू_अभ्यासक
दिशा कोणी सांगितलीच नाही.

लेकीची_आई
मीटिंग झाली. दीड तास. पहिला पाऊण तास टँकरच्या पैशांवरच गेला, ते १,८०० मी दिले, राग तरी उतरला. काकांचं कर्ज आहे. काकूंनी लोखंडी कपाटातून फाईल काढली, तर त्यात खरंच पॉलिसी निघाली. सहा वर्षांपासून पडून होती, मुदत अजून बाकी आहे. काकांनी तिथूनच कंपनीला फोन लावला, गुरुवारी सर्व्हेअर येणार. पीओपीचा ढीग कचऱ्यात टाकायला काढलाच होता, तो परत आणून बाल्कनीत ठेवलाय.

मालक फोनवर होते. आधी बोळा आम्हीच घातला म्हणाले. मग जुलैचा मेसेज मोठ्यानं वाचून दाखवला तर "बघू" म्हणाले. बॉल आणि पाईप बदलून देतो म्हणालेत, डिपॉझिटचं काही बोलले नाहीत. मी कशावरच सही केली नाही.

उदगीरकर
१,८०० दिलेत ना? आता सोफ्याचे मागतील बघा.

नळवाला_२०वर्षं
नवीन बॉल पितळी टाका म्हणावं, प्लास्टिकचा नको. आणि ताई, तो बोळा फेकला नाही ना?

लेकीची_आई
नाही. पिशवीत बांधून गॅलरीत ठेवलाय. लेक म्हणती, आई, वास यायलाय.