मदत हवी आहे: क्लॅरेन्स ॲशले यांच्या 'कू कू बर्ड' या गाण्याची खरी पट्टी कशी ठरवावी?

अमेरिकेतल्या टेनेसीच्या डोंगराळ भागातले बँजोवादक क्लॅरेन्स ॲशले (1895–1967) यांनी 1929 मध्ये जॉन्सन सिटी येथे कोलंबिया या तबकडी कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केलेली तबकडी स्वरांनुसार उतरवून घ्यायची आहे. 1960 नंतर गिटारवादक डॉक वॉटसन यांच्या साथीने झालेली ध्वनिमुद्रणंही सुंदर आहेत, पण ही एकट्याची तबकडी वेगळीच.

जुळणी सॉमिल पद्धतीची: पाचव्या तारेपासून जी, डी, जी, सी, डी. जी हा षड्ज धरला तर सा-प-सा-म-प. मोकळ्या तारांत गंधारच नाही, आणि त्या गाण्याचा सगळा उदासपणा तिथून येतो. नेहमीच्या जी जुळणीतून दुसरी तार फक्त अर्ध्या स्वराने चढवायची. ती लगेच उतरते, म्हणून चढवल्यावर हलकेच ताणून पुन्हा मिळवावी.

अडचण पट्टीची. त्या काळात कोलंबियाच्या बऱ्याच तबकड्या मिनिटाला 80 फेऱ्यांनी कोरल्या जात. तशी तबकडी नेहमीच्या 78 फेऱ्यांवर वाजवली तर स्वर सुमारे 44 सेंट, म्हणजे जवळजवळ पाव स्वर उतरतो आणि लयही मंदावते. गायक आणि वादक एकच असल्याने ताडून पाहायला दुसरं वाद्यही नाही.

याच सत्रातल्या इतर तबकड्यांवरून वेग ठरवता येईल का? मूळ तबकडीवरून केलेली, वेग न बदललेली डिजिटल प्रत कुणाकडे आहे का? आणि अंगठ्याने वाजणारी पाचवी तार काही जागी गाळलेली वाटते. ती खरंच गाळली आहे, की खरखरीत बुडाली आहे? जाणकारांनी कृपया सांगावं.