बोट ओढायला पिकअप: डिझेल घ्यावी की पेट्रोल? (नागपूर)

गळ_टाकून_बसलेला

नमस्कार मंडळी, विषय जरा वेगळा आहे, हसू नका. मी आणि आमचे साळेबुवा मिळून एक सेकंडहँड फायबरची बोट घेतली आहे, १६ फुटी, मागे ४० एचपीचं फोर-स्ट्रोक इंजिन, सोबत ट्रेलर. सध्या ती उमरेड रोडवर त्यांच्या शेतात ताडपत्रीखाली उभी आहे आणि वर कोंबड्या बसतात. आत्तापर्यंत दोनदा भाड्याच्या ट्रॅक्टरनं पाण्यापर्यंत नेली, दोन्ही वेळा अर्धा दिवस ट्रॅक्टरवाल्याची वाट बघण्यात गेला. माझी जुनी सेडान तशीही काढायचीच आहे, तर म्हटलं एक पिकअपच घेऊन टाकू, आठवडाभर प्रतापनगर ते हिंगणा एमआयडीसी ऑफिसला चालेल आणि महिन्यातून दोनदा बोट ओढेल. रस्ता म्हणजे उमरेड, भिवापूर, पवनी करत गोसीखुर्द धरणाकडे, कधीमधी मकरधोकडा तलाव.

आता भांडण असं आहे की बायको म्हणते पेट्रोल घे, कारण शेजारच्या काकांच्या डिझेल गाडीत सारखा डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागतो आणि काका दिवा विझवायला रात्री अकराला आउटर रिंग रोडवर चकरा मारतात. साळेबुवा दिवसभर अमेरिकन व्हिडिओ बघतात, त्यात व्ही-सिक्स (सहा सिलिंडरवाल्या) पेट्रोल पिकअप बोटी ओढताना दिसतात म्हणून तेही पेट्रोलच्याच बाजूनं. मी एकटा डिझेलवाला आणि खरं सांगायचं तर मला कारण नीट सांगता येत नाही, फक्त ओढायचं काम म्हणजे डिझेल असं डोक्यात बसलंय. बजेट ऑन-रोड ३५ लाख, ताणून. आणि हो, बोटीच्या परवानगीचं आणि रजिस्ट्रेशनचं साळेबुवा बघतायत, त्यावर इथं उपदेश नको.

संत्र्याची_फोड

भाऊ, पयले हे सांग का पेट्रोल पिकअप तू आनशीन कुठून? आपल्या इथं या साइजमध्ये मिळते काय तं इसुझूची व्ही-क्रॉस नाई तं टोयोटाची हायलक्स, अन् दोन्ही डिझेलच. १.९ लिटरची व्ही-क्रॉस १६३ पीएस अन् ३६० न्यूटन मीटर टॉर्क (म्हंजे ओढाचा जोर), हायलक्स २.८ लिटर, २०४ पीएस, मॅन्युअल घेशीन तं ४२० अन् ऑटोमॅटिकमध्ये ५००. झालं, संपली यादी. वहिनीले म्हनाव भांडन मिटलं.

पेट्रोलच पायजे असन तं मंग पिकअप सोड अन् एसयूव्ही पाह्य, पन तिथं बी गंमत हाय. स्कॉर्पिओ-एनचं पेट्रोल इंजिन झकास हाय पन त्याच्यात फोर-बाय-फोर देतच नाई, फोर-बाय-फोर फक्त डिझेलले. फॉर्च्युनरचं पेट्रोल बी टू-व्हील ड्राइव्हच. थार रॉक्सचं बी तसंच. रायली तीन दारवाली थार, तिच्यात पेट्रोल अन् फोर-बाय-फोर दोन्ही भेटते, अन् जिमनी, तिचे १३४ न्यूटन मीटर तुह्या बोटीले पाहूनच घाम फोडतीन. तं पाण्याच्या काठावर चारही चाकं फिरली पायजे असन (अन् पायजेच) तं तुले डिझेलशिवाय रस्ता नाई.

अन् बोटीचं वजन केलं का? इंटरनेटवरचं नको सांगू, धरमकाट्यावर नेऊन कर. पेट्रोल भरून, अँकर, जॅकेट, बर्फाचा डब्बा, सारं आत टाकून.

धरमपेठ_ते_ह्यूस्टन

साळेबुवांसाठी लिहितोय, कारण ते व्हिडिओ ज्या गाड्यांचे असतात त्यातली एक माझ्या दारात उभी आहे. शेवरोले कोलोरॅडो, २.८ लिटर ड्युरामॅक्स डिझेल. माझ्या मित्राकडे तीच गाडी ३.६ व्ही-सिक्स पेट्रोलमध्ये आहे. कागदावर बघाल तर पेट्रोल ३०८ हॉर्सपॉवर आणि डिझेल फक्त १८१, म्हणजे पेट्रोलनं चिरडलं असं वाटेल, पण टॉर्क डिझेलला ३६९ पाउंड-फूट म्हणजे आपले ५०० न्यूटन मीटर आणि पेट्रोलला २७५. ओढायचं रेटिंग डिझेलला ७,७०० पाउंडांपर्यंत आणि व्ही-सिक्सला ७,०००, म्हणजे किलोत साडेतीन टन आणि जेमतेम ३,२००. बघा, आकड्यात फरक फार नाही.

फरक गाडीत बसल्यावर कळतो. आमच्याकडे जमीन परातीसारखी सपाट, चढ म्हणजे गॅलव्हेस्टनला जाताना लागणारा खाडीवरचा पूल, तेवढाच. तिथं मित्राची व्ही-सिक्स बोट मागे असली की दोन गिअर खाली येते आणि मिक्सरमध्ये चटणी फिरल्यासारखी ओरडते, चढते मात्र, कुठे अडत नाही. माझी त्याच पुलावर पंख्यासारखी घुमत चढते आणि उतारावर एक्झॉस्ट ब्रेक लागतो, म्हणजे इंजिनच गाडीचा वेग आवरतं, त्यामुळे पाय ब्रेकवर ठेवून बसावं लागत नाही. मला हा उताराचा फायदा चढापेक्षा मोठा वाटतो, त्याबद्दल कोणी बोलत नाही.

तरी इथले लोक पेट्रोल का घेतात? कारण इथं डिझेल पेट्रोलपेक्षा महाग, गाडी घेतानाच डिझेलचे जास्तीचे पैसे, वर डीईएफ (धूर स्वच्छ करणारं द्रव) भरा, आणि वर्षातून चारदा बोट ओढणाऱ्याचे ते पैसे कधी वसूल होत नाहीत. कंपनीनं २०२३ च्या नव्या मॉडेलमधून डिझेल काढूनच टाकलं, आता २.७ लिटर टर्बो पेट्रोलच मिळतं. म्हणजे त्या व्हिडिओतलं गणित इथल्या पंपावरच्या भावांचं आहे. नागपुरात उलट, डिझेलच पेट्रोलपेक्षा स्वस्त. साळेबुवांना माझा नमस्कार सांगा आणि मोबाइल काढून घ्या.

चिखलात_अडकलेला

इंजिनावर एवढा कीस पाडताय पण खरी परीक्षा काठावर असते हो. माझं सांगतो. पाच वर्षांपूर्वी माझ्याकडे टू-व्हील ड्राइव्ह पिकअप होती, डिझेल, ताकद भरपूर. पावसाळ्यानंतर एका तलावावर गेलो, धड रॅम्प नाही, नुसता मुरूम टाकलेला उतार. बोट पाण्यात सोडली मजेत. परत काढताना मागची चाकं ओल्या गवतावर, हौद रिकामा म्हणजे मागे वजन नाही, ट्रेलरमध्ये बोट आणि बोटीत पाणी. गाडी जागच्या जागी चाकं फिरवत दर मिनिटाला वीतभर मागे पाण्याकडे. क्लचचा वास असा की लांब मासे धरत बसलेला माणूस उठून बघायला आला. शेवटी त्यानंच गावातून ट्रॅक्टर आणला. त्या दिवशी माझ्याकडे ५०० न्यूटन मीटर असते तर चिखल जास्त उडाला असता एवढंच. लो-रेंजवाली (हळू पण जोरात ओढणारा जास्तीचा गिअर असलेली) फोर-बाय-फोर घे, बाकी सगळं नंतर. व्ही-क्रॉस टू-व्हील ड्राइव्हमध्येसुद्धा विकतात, बुकिंग करताना नीट बघून घे.

दुसरं, ट्रेलरच्या बेअरिंग. शंभर किलोमीटर पळवून आलास की हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसते) गरम असतो, तसाच पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि सील पाणी आत ओढून घेतं. मी एकदा हब उघडला तर ग्रीसचा रंग दुधाच्या चहासारखा झाला होता, त्याच ग्रीसवर मी तीन महिने फिरलो, आणि मग एका रात्री मनसरच्या अलीकडे चाकातून करकर सुरू झाली आणि थांबून बघतो तर हबला हात लावता येईना. आता काठावर पोचलो की आधी अर्धा तास चहा, मग ट्रेलर पाण्यात. ट्रेलरच्या लाइटची पिन पण पाण्यात घालायच्या आधी काढायची, नाहीतर बल्ब टपकन जातात.

थारचं म्हणशील तर मला आवडते, पण तिचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) २,४५० मिलिमीटर आणि हायलक्सचा ३,०८५. मागे लांब ट्रेलर आणि पुढे आखूड गाडी म्हणजे शेपूट कुत्र्याला हलवतं. उमरेड रोडवर कोळशाचा ट्रक बाजूनं सुसाट गेला की कळेल.

गळ_टाकून_बसलेला

बापरे, एका दिवसात एवढं! सगळ्यांचे आभार. संत्र्याची_फोड भाऊ, तुमचं ऐकून काल वजन केलं. बोट, इंजिन, पेट्रोल, सामान आणि ट्रेलर मिळून ९८० किलो भरलं, मी सातशे धरून चाललो होतो. मग एका व्हिडिओत (होय, साळेबुवांच्याच) बघून ट्रेलरचं नाक (गाडीच्या हुकला अडकतं ते पुढचं टोक) घरच्या वजनकाट्यावर टेकवलं तर फक्त ३० किलो. हे चांगलं ना? हुकवर भार कमी?

अजून दोन शंका. ट्रेलरला ब्रेक नाहीत, चालेल का? आणि रोजच्या ऑफिसच्या १०-१२ किलोमीटरमध्ये डीपीएफ खरंच डोकं खाईल का, कारण घरात आता तेवढाच मुद्दा उरलाय.

पाना_नंबर_दहा

३० किलो चांगलं नाही, वाईट आहे. नाक हलकं म्हणजे वजन ॲक्सलच्या मागे गेलंय, साहजिक आहे, तुमचं सगळ्यात जड सामान म्हणजे इंजिन ते शेवटच्या टोकाला. असा ट्रेलर साठच्या वर गेला की डावी-उजवीकडे डोलायला लागतो आणि ड्रायव्हर घाबरून ब्रेक मारतो, तिथं खेळ संपतो. बोट ट्रेलरवर आठ-नऊ इंच पुढे सरकवा, विंचचा (बोट ट्रेलरवर ओढून घेणाऱ्या चरखीचा) खांबही पुढे घ्या, आणि नाकावर ७०-८० किलो येईपर्यंत परत परत वजन करा. ते ७०-८० गाडीच्या पेलोडमध्ये (गाडीनं अंगावर उचलायच्या वजनात) मोजायचे हे लक्षात असू द्या, व्ही-क्रॉसचा पेलोड तसाही कमी, त्यात पाच माणसं आणि बर्फाचा डब्बा.

ब्रेक लावून घ्या. युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरची मर्यादा ७५० किलो आहे, तुमचा टन भरतोय. ओव्हररन ब्रेक येतो, गाडी थांबली की ट्रेलर स्वतःच्या ढकलण्यानं आपला ब्रेक दाबतो, वायरिंगची भानगड नाही. हायलक्सला परदेशात ब्रेकवाल्या ट्रेलरसोबत ३,५०० किलोचं रेटिंग आहे म्हणून इथं बिनधास्त राहू नका, आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते बघा आणि हुक बसवल्यावर वॉरंटी आणि इन्शुरन्सचं शोरूमकडून लेखी घ्या. ट्रेलरलाही आरटीओचा स्वतःचा नंबर लागतो.

आता डीपीएफ. काजळी साठते, ती जाळायला एक्झॉस्ट तापलेला लागतो, आणि दहा किलोमीटर सिग्नलला थांबत थांबत गेलं की तो धड तापत नाही, जाळणं अर्ध्यात तुटतं. शेजारच्या काकांची गाडी बहुतेक बाजार आणि मंदिर एवढीच फिरत असेल. तुमचं महिन्यातून दोनदा पवनीपर्यंत बोट ओढून जाणं म्हणजे डीपीएफला पंचपक्वान्न. मधल्या आठवड्यात एकदा बुटीबोरीपर्यंत ऐंशीच्या स्पीडनं जाऊन या, आणि जाळणं चालू असताना गाडी बंद करू नका, झालं.

ऑटोमॅटिकच घ्या. उतारावर इंच इंच मागे घेताना टॉर्क कन्व्हर्टर सांभाळून घेतो, क्लच जळत नाही. मे महिन्यात ४५ डिग्रीत ओढताना मात्र एसी थोडा कमी ठेवा आणि ट्रान्समिशन ऑइल पुस्तकापेक्षा लवकर बदला.

आणि पेट्रोलचा खरा प्रश्न तुम्ही विचारलाच नाही. गाडी डिझेल घेतली तरी बोटीचं इंजिन पेट्रोलचंच आहे, आणि आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. आउटबोर्डवाल्या (बोटीच्या मागे बसवायची इंजिनं बनवणाऱ्या) बहुतेक कंपन्या १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं म्हणतात. इथेनॉल हवेतली ओल पितं, बोट महिनाभर ताडपत्रीखाली उभी राहिली की टाकीत पाणी वेगळं होऊन तळाला बसतं, आणि इंजिन तळातूनच ओढतं. प्रत्येक वेळी परत आलात की उरलेलं पेट्रोल काढून स्कूटरमध्ये घाला, लाइन रिकामी होईपर्यंत इंजिन चालवा, आणि वॉटर सेपरेटरवाला फिल्टर बसवा. गाडी निवडण्यात एक महिना घालवाल आणि बोट तलावाच्या मधोमध बंद पडेल, असं नको.

संत्र्याची_फोड

हे पाना नंबर दहा काऊन रोज येत नाई बे इथं?

गळ_टाकून_बसलेला

बायकोला पाना_नंबर_दहा यांचं वाचून दाखवलं. डीपीएफचं पटलं, पण आता म्हणते उरलेलं पेट्रोल माझ्या स्कूटरमध्ये घालायचं नाही. शनिवारी हायलक्स ऑटोमॅटिक आणि व्ही-क्रॉस ऑटोमॅटिक फोर-बाय-फोर दोन्हींची टेस्ट ड्राइव्ह ठरवली आहे. हुकवाली गाडी टेस्टला मिळत नाही म्हणाले, तेव्हा हौदात साळेबुवा आणि सिमेंटच्या सहा गोण्या टाकून वर्धा रोडचा फ्लायओव्हर चढून बघणार आहे. बोट आज सकाळी सात इंच पुढे सरकवली, नाक ६५ वर आलं. कोंबड्या अजून तिथंच आहेत.

चिखलात_अडकलेला

साळेबुवांना विचार, परवानगी आली का?

गळ_टाकून_बसलेला

विचारलं. म्हणाले अर्ज टाइप करायचा बाकी आहे.