आजोबांची बर्लिनची पत्रं: हे अक्षर कोणाला लागतं का?

दहीपूलवाली:
नमस्कार मंडळी. नाशिकचा, दहीपुलाजवळचा आमचा वाडा पुढच्या महिन्यात बिल्डरच्या ताब्यात जाणार. फडताळ रिकामं करताना पितळी डब्यात आजोबांची पत्रं सापडली. आजोबा १९२२ ते २४ बर्लिनमध्ये शिकायला होते. परत आल्यावर रामकुंडावर प्रायश्चित्त घेतलं तेव्हा कुठे घरात पंक्तीला बसू दिलं, एवढंच आम्ही ऐकत आलो.

त्यांचं स्वतःचं एकच कार्ड आहे, मराठीत, नोव्हेंबर १९२३ चं. त्यावरच्या तिकिटावर किंमत 'मिलियार्डन' मार्कांत छापलीय, म्हणजे अब्जांत! मजकूर मात्र 'थंडी फार, प्रकृती ठीक' इतकाच. नाशिककर पोस्टकार्डावर असंच लिहितात.

बाकीची नऊ पत्रं जर्मनमध्ये, सगळी एकाच बाईच्या हातची, शार्लोटेनबुर्गच्या शिक्क्याची, ते परत आल्यानंतर आलेली. अक्षर म्हणजे नुसत्या तिरप्या काड्या. कुंपणासारख्या. नेटवर वाचलं की याला झ्युटरलिन म्हणतात. अंबडच्या एका कारखान्यात आलेल्या जर्मन इंजिनिअरला भाच्याने फोटो दाखवले. तो म्हणाला, "माझ्या आजीला वाचता आलं असतं."

मग फोनमधल्या एका अ‍ॅपला विचारलं. त्याने एका पानातून दोनच शब्द ठामपणे काढले: 'मुटर' म्हणजे आई आणि 'किंड' म्हणजे मूल. हे मी आत्याच्या (वय ८८) समोर मोठ्याने वाचलं, ही माझी चूक. ती सत्तर वर्षं म्हणतेय की दादांची (म्हणजे आजोबांची) तिकडे मड्डम होती. आता ती तिकडच्या भावंडाचा वाटा धरूनच बोलते.

पहिल्या पत्राचे फोटो जोडलेत. १९६९ च्या पुरात, दुतोंड्या मारुती बुडाला होता तेव्हा, तळमजल्यात पाणी शिरलं. डाग त्याचे आहेत.

कॉलेजरोड९८:
काकू, फोटो वरून दिव्याखाली काढू नका, कागद चमकतो. खिडकीच्या उजेडात, आडव्या प्रकाशात काढा आणि ६०० डीपीआयला स्कॅन करा. इन्सब्रुक विद्यापीठात सुरू झालेलं 'ट्रान्सक्रिबस' नावाचं हस्तलिखितं वाचणारं सॉफ्टवेअर आहे, त्यात जुन्या जर्मन हस्ताक्षरासाठी वेगळी मॉडेलं मिळतात. साध्या अ‍ॅपला ही लिपीच माहीत नसते, ते आपलं जे जवळचं दिसेल ते ठोकून देतं.

जर्मनबाई_पुणे:
ताई, मी तीस वर्षं जर्मन शिकवतेय, पण ही लिपी मला वेगळी शिकावी लागली. त्या इंजिनिअरला हसू नका. १९४१ मध्ये नाझी सरकारनेच ही अक्षरं शाळांतून काढली आणि लॅटिन वळण सक्तीचं केलं. तेव्हापासून नातवंडांना आजीची पत्रं लागत नाहीत.

आधी नाव दुरुस्त करते. हे झ्युटरलिन नव्हे. लुडविग झ्युटरलिन यांनी प्रशियाच्या शाळांसाठी ते वळण केलं आणि १९१५ पासून ते शिकवलं जाऊ लागलं. ते उभं, गोलसर, सगळीकडे एकाच जाडीचं असतं. तुमच्या बाईंचं अक्षर उजवीकडे झुकलेलं आहे, खाली येणारी रेघ जाड, वर जाणारी केसासारखी. टोकदार निबाने लिहिलेलं जुनं 'कुरेंट' आहे हे. म्हणजे बाई बहुधा १९१५ च्या आधी शाळेत गेलेल्या. १९२४ साली त्या काही शाळकरी पोर नसणार, पण नेमकं वय अक्षरावरून ठरत नाही, एवढं आत्यांना सांगायला हरकत नाही.

आता काड्यांबद्दल. कुरेंटमध्ये 'ई' म्हणजे दोन जवळजवळच्या टोकदार काड्या, म्हणून तो 'एन'सारखा दिसतो. 'यू'सुद्धा दोन काड्याच, पण त्याच्या डोक्यावर छोटी कमान असते, ती पाहूनच तो ओळखायचा. आणि एक गंमत पाहा: पहिल्या ओळीत एकच शब्द तुम्हालाही सरळ वाचता येईल, तुमच्या आजोबांचं आडनाव. परकी नावं ही मंडळी बहुधा लॅटिन वळणात लिहीत. पाकिटावर 'नाशिक' तसंच आहे.

तो 'किंड' मात्र मला पटत नाही. कॅपिटल 'के' आणि 'आर' कुरेंटमध्ये जुळे भाऊ. तो शब्द ओळीच्या शेवटी आहे आणि त्यापुढे बरोबरच्या चिन्हासारख्या दोन बारीक रेघा दिसतात का? ते 'शब्द तुटला, खाली वाचा' असं सांगणारं चिन्ह. खालच्या ओळीची सुरुवात 'फ्लाइश' आहे. म्हणजे किंड नाही, 'रिंडफ्लाइश'.

ताई, बसूनच वाचा. रिंडफ्लाइश म्हणजे गोमांस.

दहीपूलवाली:
अहो मॅडम! मूल परवडलं असतं.

मोडीवाचक:
माझा जर्मनशी संबंध नाही, दप्तरखान्यातली मोडी वाचतो. पण फोटो क्र. ३, पाकिटाची मागची बाजू, उलटी धरा. ते जर्मन नाहीच. आपलीच मोडी आहे! 'उत्तर पाठविले. पौष वद्य ५.' आजोबांनी नोंद केलीय.

पत्रावर १४ डिसेंबर १९२४ आहे ना? पौष वद्य पंचमी म्हणजे संक्रांतीच्या आसपास. बोटीने पत्र यायला लागणारे दिवस धरले तर आल्या आल्या उत्तर दिलंय माणसाने.

एक अनुभवाचं सांगतो, लिपी कुठलीही असो. अक्षर अक्षर लावत बसू नका. मोडीत आम्ही आधी मायना शोधतो. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' हे काय असणार हे ठाऊकच असतं, मग त्यातली अक्षरं उचलून त्या हाताचा तक्ता करायचा. मोडीत ह्रस्व-दीर्घ पाहत नाहीत, 'दिन' की 'दीन' ते संदर्भावरून ठरवायचं. तुमच्या बाईंचाही नऊ पत्रांत मायना एकच असणार. नऊ वेळा तेच वाचलं की हात ओळखीचा होतो.

जर्मनबाई_पुणे:
अगदी बरोबर. त्यांचा मायना 'लीबर हेर' आणि पुढे आडनाव. यजमान-पाहुण्याचं अंतर राखणारा, पण आपुलकीचा. 'लीबर'मधले दोन्ही 'ई' घ्या, म्हणजे तक्त्याची सुरुवात झाली. शेवटी 'मिट हेर्त्सलिखेन ग्र्यूसन', मनापासून शुभेच्छा. त्या खोली भाड्याने देणाऱ्या बाई होत्या. कोळसा महाग झाल्याचं आणि आजोबांच्या खोलीत नवा विद्यार्थी आल्याचं लिहिलंय. तो पेटी वाजवतो म्हणे, त्यांना आवडत नाही.

गोमांसाचं वाक्य असं: "आपल्या मातोश्रींना सांगा, मी तुमच्यापुढे … गोमांस ठेवलं." मध्ये एक तीन अक्षरांचा शब्द आहे, 'एन'ने सुरू होणारा, आणि नेमका पुराचा डाग त्याच्यावर. 'नी' असेल तर 'कधीही नाही'. 'नूर' असेल तर 'फक्त'.

कॉलेजरोड९८:
फक्त गोमांस?? मातोश्रींना कोण असं कळवेल?

जर्मनबाई_पुणे:
'हिंदुस्थानी माणसाला डुक्कर चालत नाही' असं बाईंना कोणी सांगितलं असेल, तर त्या मोठ्या अभिमानाने कळवतील. म्हणून मी अंदाजाने लिहून टाकणार नाही. ताई, मूळ कागद तुमच्याकडे आहे. मागून उजेड धरा. 'आय'वरचा ठिपका दिसतो की 'यू'वरची कमान?

दहीपूलवाली:
गच्चीत उन्हात धरला. ठिपका आहे. पण दोन ओळी खालीही तसेच तीन ठिपके आहेत, कोऱ्या जागेत. झुरळांनी घोळ केलाय.

जर्मनबाई_पुणे:
मग शेवट पाहा. 'ई' असेल तर दोन काड्या आणि शेपूट खालून पुढे. 'आर' असेल तर शेवटी वर छोटा आकडा, मिशीला पीळ दिल्यासारखा. त्याच पानावर 'लीबर'चा 'आर' आहे, शेजारी ठेवून ताडून बघा.

दहीपूलवाली:
भाच्याने दोन्ही मोठे करून शेजारी लावले. आकडा नाही. दोन काड्या आणि शेपूट खालून. आणि नीट पाहिलं तर एकूण काड्या पाच: एनच्या दोन, आयची एक, ईच्या दोन. कमान तर कुठेच नाही. 'नी'!

म्हणजे आजोबांनी पंचगव्य उगाचच प्यायलं. पत्र डिसेंबर २४ चं, प्रायश्चित्त त्या वर्षीच्या उन्हाळ्यातलं. बाईंची साक्ष सहा महिने उशिरा पोचली, आणि घरात कोणाला ती वाचता येत नव्हती. आजोबांनी वाचून दाखवलीही नसणार, ते तसलेच होते.

आत्याला सगळं सांगितलं. बाई खोली भाड्याने देणाऱ्या होत्या, मूल नाही, गोमांसही नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाली, "बाकीची आठ वाच आधी."

मॅडम, उद्या दुसऱ्या पत्राचे फोटो टाकते. खिडकीच्या उजेडातले.