शब्दचर्चा : गुळवेलीचे ‘सत्त्व’

नाचणीचे सत्त्व आणि गुळवेल सत्त्व, दोन्हींतला शब्द एकच का? की गुळवेलीच्या बाबतीत ‘अर्क’ असा अर्थ घ्यायचा? आणि लिहिताना त एक की दोन?

— त दोन : सत् + त्व. अर्क मुळीच नव्हे. हा पिठूळ साका आहे, कुरडयांच्या चिकाचा सख्खा भाऊ. अंगठ्याएवढे जाड, ओले खोड घ्यायचे. कागदासारखी साल खरवडून बोटभर तुकडे ठेचायचे आणि चौपट पाण्यात रात्रभर ठेवायचे. सकाळी चांगले कुस्करून फडक्यातून गाळले की ३-४ तासांत तळाशी पांढरट थर बसतो. वरचे पाणी अलगद ओतून टाकायचे, थर ताटात पातळ पसरून वाळवायचा. किलोभर खोडाला ३०-४० ग्रॅम पडले तरी पुष्कळ.

— ‘ओतून टाकायचे’ म्हणताय, पण बराचसा कडूपणा त्याच पाण्यात जातो! मॅग्नोफ्लोरिनसारखी अल्कलॉइडे, कॉर्डिफोलिओसाइडसारखी ग्लायकोसाइडे ही वेलीतली रसायने पाण्यात उतरतात. स्टार्च थंड पाण्यात विरघळत नाही, म्हणून खाली बसतो. काढा आटवून करतात तो ‘घन’. संशमनी वटी ही आयुर्वेदिक गोळी त्याची. तेव्हा ‘सत्त्व म्हणजे सार’ हा कोशातला अर्थ इथे फसवा आहे.

— रसशास्त्रातले, म्हणजे आयुर्वेदाच्या धातू-खनिजांच्या शाखेतले, अभ्रकसत्त्व तर भट्टीतून काढलेला धातूचा अंश. ‘मूळ द्रव्यातून वेगळा काढलेला भाग’ एवढाच अर्थ सगळीकडे टिकतो.

— करताना बिघडते ते दोन ठिकाणी. उन्हाळ्यात पाणी जास्त वेळ राहिले की आंबते आणि सत्त्वाला वास येतो. ओला साका ओव्हनमध्ये घातला तर ६० अंशांच्या पुढे त्याची खळ होते, मग काचेसारखे खडे. बाजारात बटाट्याचा किंवा मक्याचा स्टार्चही याच नावाने खपतो. आयोडीनने तिन्ही निळे होतात, त्यामुळे ती परीक्षा निरुपयोगी. सूक्ष्मदर्शकाखाली बटाट्याचे कण मोठे, अंडाकृती दिसतात, मक्याचे कोनदार.

— जाता जाता : गुळवेलीचा गुळाच्या गोडीशी संबंध नाही, नाव ‘गुडूची’वरून आले. ‘चक्रलक्षणा’ हे संस्कृत नाव मात्र कामाचे, कारण आडव्या कापात चाकाच्या आऱ्या दिसतात. पण एवढ्यावर विसंबू नका. टिनोस्पोरा क्रिस्पा ही जवळची वेल गुळवेल म्हणून घेतली जाते. तिच्या खोडावर ठसठशीत गाठी असतात आणि तिने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. खुद्द गुळवेलीबद्दलही मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये तसे रुग्ण नोंदवले. यकृताचा आजार असेल तर सत्त्व काय, काढा काय, वैद्याला विचारल्याशिवाय नको.